सूर द्यायचा आणि गप बसायचं

दिग्या, शाळेत आता रोज सकाळी तू गातोस. जिवंत होतास तोवर पोरांसमोर एकदाही तोंड उघडून गायला नाहीस, आणि आता सोमवार ते शनिवार एका दिवसाचा खाडा नाही. मी मैदानात उभा राहून 'सावधान' म्हणतो, 'एक साथ प्रार्थना शुरू कर' म्हणतो, आणि ऑफिसच्या खिडकीला बांधलेल्या कर्ण्यातून तुझा आवाज येतो. पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं हात जोडून, तोंडं मिटून ऐकतात. इतकी चांगली शिस्त मला माझ्या शिट्टीनं कधी आणता आली नव्हती. हेडसर खूश आहेत. मला मात्र तेवढ्या वेळात तुझ्यावर, त्यांच्यावर आणि स्वतःवर असा काही राग येतो की शिट्टी दाताखाली चावली जाते.

रडून झालं आहे, हे आधी सांगतो. तुझ्या तेराव्यापर्यंत मी इतका रडलो की घरच्यांना वाटलं, हा गडी आता काही सावरत नाही. आता राहिलंय ते भांडण. एक आपलं जुनं, अर्धवट राहिलेलं, आणि एक तू गेल्यावर नव्यानं निघालेलं. दोन्ही मला एकट्यालाच भांडायची आहेत, तुझ्या बाजूनं आणि माझ्याही.

आपण दोघं बिनकामाच्या विषयांचे मास्तर. तू संगीताचा, मी पीटीचा. पोरांच्या लेखी तू पेटीवाले सर आणि मी शिट्टीवाले सर. परतूरहून भरलेल्या जीपमध्ये दाराला लोंबकळत आपण एकाच वर्षी या शाळेत रुजू व्हायला आलो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की आपले तास म्हणजे शाळेचं गायरान आहे. ज्याला वाटेल त्यानं आपली गुरं सोडावीत. इंग्रजीचा धडा मागं पडला, घ्या संगीताचा तास. साहेब तपासणीला येणार, पीटीच्या तासाला ग्राउंड झाडून घ्या. मी चिडायचो, स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटायचो. तू चहात पाव बुडवत म्हणायचास, "राहू दे रे. जेवढे तास राह्यले तेवढ्यात करू." तुझा तो थंडपणा मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही.

पण काम तू कसं करायचास ते मी मैदानातून पाहत आलोय. तुझ्या वर्गाच्या खिडक्या माझ्या ग्राउंडकडे उघडायच्या. पहिली-दुसरीच्या पोरांना तू पेटी दाखवायचाच नाहीस. त्यांना घेऊन पिठाच्या गिरणीपाशी उभा राहायचास आणि डोळे मिटून ऐकायला लावायचास. दाणे संपत आले की गिरणीचा आवाज कसा बदलतो ते त्यांनी ओळखायचं. एकदा दुसरीतली एक पोरगी डोळे मिटूनच म्हणाली, "सर, चक्कीला भूक लागली." ते मला सांगताना तू इतका खूश होतास की तुला पगारवाढ मिळाली की काय, असं मला वाटलं. तिसरीला पेटी यायची. तिसरी-चौथी नुसता सा. पाचवीला गाणी. घाई म्हणून नाही. पालक विचारायचे, "सर, आमचं पोरगं टीव्हीवर कवा येईल?" तू म्हणायचास, "आधी त्याला गिरणी ऐकू येऊ द्या."

आणि तू स्वतः गायचा नाहीस. बाकीच्या शाळांत मास्तर स्वतःच्या गळ्याला सोसेल अशा खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये पेटी धरतो, मोठ्यानं गातो, आणि पोरं त्याच्यामागं घशातल्या घशात गुरगुरतात. तू पेटी धरायचास काळी चारला, पोरांच्या पट्टीत. सूर द्यायचास आणि ओठ मिटून घ्यायचास. मी किती वेळा म्हणालो, "दिग्या, एकदा तरी गाऊन दाखव लेका. चांगलं गाणं काय असतं ते पोरांना कळू दे की."

"ते मोबाईलमध्ये खंडीभर हाय," तू म्हणायचास. "मास्तर गायला की पोरं ऐकत्यात. ऐकलं की झालं, असं वाटतंय त्यांना. आपण सूर द्यायचा आन् गप बसायचं. शांतता सहन झाली न्हाई की ते आपोआप म्हणत्यात."

आता आपलं जुनं भांडण. आठवीतल्या कैलासचं.

पाचवी ते सातवी तो तुझा सगळ्यात गोड गळ्याचा विद्यार्थी. आठवीत दिवाळीची सुट्टी संपवून आला तो घोगरा होऊन आला. तुझ्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसला. तू म्हण म्हणालास तर खाली बघून म्हणाला, "सर, आवाज फुटला माझा." वर्ग हसला. मी खिडकीबाहेर कबड्डीचं मैदान आखत होतो, हातात चुन्याचं डबडं. तू पेटीचा भाता बंद केलास आणि विचारलंस, "मडकं फुटतंय तसा फुटला का कोंब फुटतोय तसा?"

ही सगळी घरच्या शेतात सरकी लावणारी पोरं. कैलासनं जरा विचार केला. "कोंब म्हणा सर."

"मंग त्याच्यावर पाय देऊ नको. हळू म्हण, खाली म्हण, पण रोज म्हण."

माझी चुन्याची रेघ त्या दिवशी वाकडी गेली. मराठीचा मास्तर नसूनही तू एका शब्दात त्या पोराला उभं केलंस, हे मी तेव्हा तुला बोललो नाही. बोललो असतो तर तू शेफारला असतास. एरवी आवाज फुटलेली पोरं प्रार्थनेच्या गटातून गुपचूप गळतात, ही सगळीकडची रीत. तू ती मोडलीस. आठवी-नववीच्या मुलांना मागच्या रांगेत उभं करून नुसता खालचा सा धरायला लावलास. वर लहान पोरं गायची आणि खाली त्यांचा तो जाडा सूर. सकाळी मैदानात उभं राहिलं की तो सूर तळपायाला लागायचा.

मग गॅदरिंग आलं. सगळा गाव खाली बसलेला. कैलास एकटा पुढं उभा राहून खालचा सूर धरणार होता. मध्येच आवाज निसटला, किंकाळीसारखा वर गेला, आणि मंडप हसून आडवा झाला. पोरगं तसंच वळून मागं गेलं. पुढच्या वर्षीपासून ते तुझ्या तासाला दिसलं नाही. मी तुला तोंडावर म्हणालो की त्या पोराला तू चव्हाट्यावर उभं केलंस. त्या वयात मुलाला लपायला जागा लागते, कबड्डीच्या खेचाखेचीत कुणाचं लक्ष नसतं म्हणून ती पोरं माझ्याकडे येतात, तुझ्याकडे येत नाहीत. तू म्हणालास, हसणाऱ्यांना आधी शिकवायला पाहिजे होतं, तिथं आपण कमी पडलो. मी म्हणालो, गावाला शिकवायला तू कोण. तेव्हापासून दर गॅदरिंगच्या आधी आपण हेच भांडलो. जीपमध्ये भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो, तुझ्या मुलीच्या बारशाला भांडलो. तुझं लग्न उशिरा झालं, पण भांडणाला उशीर नव्हता.

तुला पोचवायला कैलास आला होता. जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहे आता, खांदे रुंद झालेत, मिशा आहेत. सगळे पांगल्यावर आम्ही दोघं बाभळीखाली थांबलो. मला राहवलं नाही. तुझी चिता विझायच्या आत मी आपलं भांडण जिंकायला निघालो होतो, असा तुझा मित्र. म्हणालो, "कैलास, त्या गॅदरिंगला पोरं हसली म्हणून तू गाणं सोडलंस ना?"

"हसली व्हती का? आठवत न्हाई सर. हसली असतील."

"मंग सोडलं कशामुळं?"

"नववीला गणिताचा जादा तास लागला ना सर तवा. संगीताच्याच टायमाला. हुशार पोरांची नावं काढली, त्यात माझं बी आलं. सर दोनदा बोलवायला आल्ते वर्गाच्या दारात. पण गणिताच्या सरांसमोरून उठून कसं जाणार? मी खाली मान घालून बसलो. मंग सर यायचे बंद झाले."

एवढंच होतं, दिग्या. लाज नाही, हसू नाही, गाव नाही. वेळापत्रक. आपण ज्या गोष्टीवर अर्धं आयुष्य भांडलो ती घडलीच नव्हती. आणि तू दोनदा त्या दारात जाऊन उभा राहिलास, पोरानं मान खाली घातली, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तुला वाटलं असणार, तुझ्यावर रुसून बसलंय. हे तुला सांगायला मी कुठं येऊ? फक्त थोडे दिवस आधी हे कळलं असतं तर तुझ्या घरी येऊन, तुला उठवून सांगितलं असतं.

"आता म्हणतोस का?" मी त्याला विचारलं.

"भट्टीपाशी म्हणतो कधी कधी. तिथं आवाजात कुणाला ऐकू येत न्हाई."

हे मात्र तुझ्या पदरात टाकतो. ठेवून घे.

आता दुसरं भांडण, ताजं. तू गेलास त्याच्या पुढच्या सोमवारी मैदानात पेटी नव्हती. मी सवयीनं 'शुरू कर' म्हणालो. पोरं गप्प. मग चौथीच्या रांगेतून कुणा पोरीनं सुरुवात केली, फार वर. सगळी तिच्यामागं चढली आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचीच फसगत झाली. किरकिराट झाला. निम्मी रडत होती, त्यामुळं आणखी. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या दोघी मैत्रिणींनी आधीच ठरवून खालून धरली. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतल्या दोन-तीन मोठ्यांनी तो जाडा सूर लावला, तुझा हात वर नसताना. आठवडाभरात त्यांनी प्रार्थना सापडवली रे. बेताची, ओबडधोबड, पण त्यांची. तू द्यायचास त्या पट्टीला पोरं पेटीशिवाय जवळपास पोचली होती. मी त्या आठवड्यात तुझ्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं तू जिवंत असताना केलं नाही.

आणि मग श्रद्धांजली आली.

तुझा आवाज एकाच ठिकाणी होता, माझ्या मोबाईलमध्ये. जांब समर्थला सहल नेली होती तेव्हा देवळाबाहेरच्या ओट्यावर, पोरं खाली उसाच्या रसावर तुटून पडलेली असताना, आम्ही सगळ्या मास्तरांनी तुला धरलं. तू आढेवेढे घेतलेस आणि मग आपलीच प्रार्थना म्हणालास, तूच चाल लावलेली, तुझ्या स्वतःच्या गळ्याच्या पट्टीत. मी तेव्हा रेकॉर्ड केली. शेवटी माझंच "वा रे दिग्या" आहे त्यात. तुझ्या दहाव्याला वहिनींनी मागितली म्हणून त्यांच्या फोनवर पाठवली. वहिनींनी कौतुकानं हेडसरांना ऐकवली. हेडसरांचे डोळे भरून आले, आणि सरांच्या स्मृती जपायच्या म्हणून दुसऱ्या दिवशी कर्णा बांधला गेला. माझं "वा रे दिग्या" तेवढं कापून टाकलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर अवघड आहे.

मी ऑफिसात गेलो. म्हणालो, "सर, पोरं गप झाली."

"शांत झाली म्हणा," हेडसर म्हणाले. "अहो, किती छान वाटून राह्यलं. सरांचा आवाज रोज साऱ्या गावाला जातोय. असं भाग्य कुणाला लाभतंय?"

"पण ते सर पोरांकडून म्हणून घ्यायचे. स्वतः न्हाई म्हणायचे."

"ते व्हते तवा. आता कोण घेणार? जागा भरायचं काही खरं न्हाई. तुम्ही घेता का पेटी?"

मला पेटी येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. लहान पोरांनी पहिले दोन दिवस तुझ्याबरोबर म्हणायचा प्रयत्न केला. पण तुझी पट्टी बाप्यांची. खाली त्यांचा गळा पोचेना, वर धरली तर किंचाळायला होई. त्यांनी सोडून दिलं. तुझ्या पट्टीत आरामात म्हणू शकतील अशी शाळेत एवढीच पोरं आहेत, नववी-दहावीची, आवाज फुटलेली. ती म्हणत नाहीत. त्यांना वाटतं, सर म्हणत असताना आपण मध्ये बोलू नये. आदरानं तोंड मिटून उभी असतात, आणि मला त्यांच्यावर शिट्टी फुंकता येत नाही.

मग मी ठरवलं की वहिनींशीच बोलायचं. त्या म्हणाल्या तर हेडसर एका दिवसात कर्णा उतरवतील. रविवारी गेलो. तुझं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळं जायला कधी निमित्त लागलं नव्हतं. या वेळी मी दोनदा दारापर्यंत जाऊन परतलो. वहिनींनी चहा ठेवला. खुर्चीवर तुझा टॉवेल अजून तसाच.

"वहिनी, एक बोलायचं व्हतं."

"प्रार्थनेचं ना?" त्या म्हणाल्या. "मी वाटच बघून राह्यले, भावजी कवा येतात म्हणून."

मी खुर्ची सोडून खाली बसलो.

"त्यांना हे बिलकुल पटलं नसतं, मला काय कळत न्हाई का? सूर द्यायचा आन् गप बसायचं. माझ्यासंगं बी तेच केलं. लग्न झाल्यापासून एक ओळ म्हणली न्हाई माझ्यासमोर. म्हणायचे, तू म्हण, मी पेटी धरतो. मला कुठं येतंय म्हणायला? मी आपली भाकरी थापत बसायचे आन् भिंतीपलीकडून नुसती पोरं ऐकायचे. सगळ्या गावाची पोरं ऐकली. नवरा न्हाई ऐकला."

"वहिनी, मोबाईलवर हाय की तुमच्याकडं. घरी लावून..."

"लावलं व्हतं. घरात न्हाई ऐकवत. घरात लावलं की कळतं, माणूस मेलं म्हणून." त्यांनी पातेलं खाली उतरवलं. "भिंतीवरून येतंय तवा वाटतं, शाळेत हायेत. दुपारी जेवायला येतील. तेवढा वेळ मी नळ बी बंद करून ठेवते. राहू द्या भावजी. थोडे दिवस राहू द्या."

सांग आता. तुझ्या बाजूनं बोल काहीतरी. तू म्हणशील, पोरं आधी. तू आयुष्यभर तेच म्हणालास, आणि त्यात ती बाई भिंतीच्या अलीकडं राहिली, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? मला तरी कधी आलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा तरी कुणाला घ्यायचा? मी चहा प्यालो, कप विसळून ठेवला आणि "बरं" म्हणालो. थोडे दिवस म्हणजे किती, ते विचारलं नाही. विचारणारा मी कोण?

तेव्हा तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या पोरांची सकाळ मी तुझ्या बायकोला देऊन टाकली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि आपण आणखी वीस वर्षं भांडलो असतो. मला ते चाललं असतं. पाचवीतल्या त्या दोघी आता प्रार्थना चालू असताना एकमेकींच्या वेण्या ओढतात. मागच्या रांगेचा सूर गेला. संगीताचा तास वेळापत्रकात अजून आहे, त्या तासाला कोण काय शिकवतं ते तुला सांगत नाही. पहिलीला या जूनमध्ये आलेल्यांना तर तू जेमतेम मिळालास. गिरणीपर्यंत नेलंस तेवढंच. त्यांना प्रार्थनेचे शब्दही धड येत नाहीत.

काल प्रार्थना संपली, रांगा वर्गांकडे निघाल्या. भिंतीपलीकडं नळ सुरू झाल्याचा आवाज आला. पहिलीतली एक पोरगी रांग सोडून माझ्यापाशी आली. तिचं नाव अजून मला पाठ झालेलं नाही. हात अजून जोडलेलेच होते.

"सर," ती म्हणाली, "पेटीवाल्या सरांची झाली. आता आमची कवा?"

मी तिला रांगेत जा म्हणालो.